बाबांची चकमकीची पिस्तुलं

आमच्या घरात तीन पिस्तुलं होती आणि तिन्ही अमेरिकन सैन्याची होती, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. मग माझ्याकडे नीट बघतो. जाड चष्मा, हळू आवाज, कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं सगळं आयुष्य. मग विचारतो, "खरंच?" खरंच होती. सिनेमात दिसतात तसली ती नव्हती. जवळजवळ हातभर लांब, अक्रोडाच्या लाकडाच्या वाकड्या मुठीची, उचलली की मनगट खाली ओढणारी. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, घोडा मागे ओढायचा, चाप दाबला की घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादाच्या पट्टीवर आपटायची आणि ठिणगी पडायची. कोकणात ठासणीची बंदूक म्हणतात तिच्याच कुळातली, फक्त आखूड आणि परदेशी. आमच्याकडे आली तेव्हा त्यांना बनून दीडशे वर्षं उलटून गेली होती. त्यांनी कोणाला मारलं असेल तर ते फार दूर, फार पूर्वी.

आई गेल्याला अजून वर्ष झालेलं नाही. ती होती तोवर हे लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता लिहायला हरकत नाही, पण हात उचलत नाही. रोज थोडं लिहिते, आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. इथे मुलुंडला माझ्या खिडकीतून एक अर्धवट इमारत दिसते. तिच्या लोखंडी सळयांवर कावळे बसतात. परत येऊन पुढचं वाक्य लिहिते.

आम्ही घाटकोपरला पंतनगरमध्ये राहायचो. एक खोली, स्वयंपाकघर, मोरी आणि एक चिंचोळी गॅलरी. बाबा विक्रोळीकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्राच्या भागांची चित्रं काढायची, प्रत्येक लांबी-रुंदीला बाण आणि आकडा द्यायचा, हे त्यांचं काम. घरीही पलंगाच्या डोक्याशी त्यांचा ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला असे. माझ्या लहानपणीचा सगळ्यात ओळखीचा आवाज कुठला असेल तर पेन्सिलीचं टोक सँडपेपरवर घासण्याचा. खर्र, खर्र, थांबून फुंकर, पुन्हा खर्र. आत आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची, तो दुसरा आवाज. रविवारी त्यात तव्यावर पडणाऱ्या बांगड्याचा चर्र मिळायचा आणि शेजारच्या शहाबाई खिडकी लावून घ्यायच्या, तोही एक आवाजच. बाबा फार बोलत नसत. बोलायला लागले तर विषय एकच असे, आणि तो ऐकायला मी सोडून घरात कोणी तयार नसे.

विषय असा. पूर्वी बंदूक बनवायची तर एक कारागीर ती सबंध बनवायचा. स्क्रूसुद्धा तोच घासून घासून बसवायचा. त्यामुळे एका बंदुकीचा घोडा दुसरीला बसत नसे. मोडली की मोडली. मग अमेरिकन सरकारने घोडदळासाठी पिस्तुलं बनवायचा ठेका देताना अट घातली, की कुठल्याही पिस्तुलाचा कुठलाही भाग दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलाला बसला पाहिजे. बाबांच्या मते त्या अटीतूनच त्यांचा कारखाना जन्माला आला होता, त्यांचा बोर्ड, त्यांची पेन्सिल आणि आमच्या घरात येणारं तांदूळ-मीठही.

"एकट्या माणसाने सबंध पिस्तूल केलं तर ते त्या माणसाचं," ते मला सांगत. "पण शंभर जणांनी एकेक तुकडा केला, कोणी कोणाचं तोंड पाहिलं नाही, आणि तरी ते जुळलं. तर ते कोणाचं, सांग."

"सरकारचं," मी म्हणायची.

"हॅ! ड्रॉइंगचं!" आणि स्वतःच्याच विनोदावर गालातल्या गालात हसायचे.

पहिलं पिस्तूल हंसराजभाईंनी दिलं. स्टेशनजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि त्यांची-बाबांची मैत्री का होती हे कोणालाच सांगता आलं नसतं. ते गडगडाटी बोलणारे कच्छी गृहस्थ आणि बाबा हे असे. हंसराजभाईंचे पणजोबा झांझिबारला व्यापार करायचे. तिथे अमेरिकन गलबतं कापड घेऊन यायची आणि लवंग, हस्तिदंत घेऊन जायची. त्या व्यवहारात कधीतरी कोणा खलाशाने पिस्तूल त्यांच्या गळ्यात मारलं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करत घाटकोपरच्या एका पोटमाळ्यावर पितळी हंड्यांच्या मागे येऊन पडलं. घोडा अर्धा तुटलेला. मात्र लोखंडी पट्टीवर ते जिथे बनलं त्या गावाचं नाव वाचता येत होतं, आणि त्याखाली दोनच अक्षरं, यू आणि एस.

"परबभाई, भंगारवाला पण नको बोलला," हंसराजभाई म्हणाले. "तुमी घेऊन जावा. तुमाला मोडक्याचा शोक हाय ना."

बाबांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं. आईने भाकरीचे हात तसेच ठेवून विचारलं, "ह्यां काय हाडलात?" बाबांनी सांगितलं. आई म्हणाली, "खंयच्या मेलेल्या सायबाची वस्तू ती, घरात नको माका." घरात म्हणजे कुठे नको, यावर थोडी बोलणी झाली आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या गोधडीखाली, असं ठरलं.

दुसरं सांताक्रूझच्या एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा मिळालं. ते आरमाराचं होतं. डाव्या बाजूला एक लांब पोलादी पट्टी होती, खलाशाच्या कमरपट्ट्यात अडकवायला. तिसरं मिळायला मात्र वर्षं गेली. तोवर बाबा शनिवारी फोर्टमधल्या एका ग्रंथालयात जाऊन एकच जाड इंग्रजी पुस्तक उघडून बसत आणि त्यातल्या आकृत्या ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेत. मला सोबत नेत. पुस्तकांच्या कपाटांमध्ये मी पहिल्यांदा उभी राहिले ती अशी, पिस्तुलांच्या पायी. माझी पुढची सगळी नोकरी त्या शनिवारांतून निघाली असं म्हणता येईल. पण तेव्हा मला फक्त तिथला गारवा आवडायचा.

तिसरं आलं ते माझगावच्या जहाजांच्या जुन्या सामानाच्या गल्लीतून. ते हातात घेतल्याबरोबर बाबा रस्त्यातच खाली बसले, असं हंसराजभाई पुढे कितीतरी वेळा अभिनय करून दाखवायचे. कारण ते पहिल्या पिस्तुलाचं जुळं होतं. तोच नमुना, तेच गाव. लाकूड चिरलेलं आणि नळी गंजलेली, पण घोडा शाबूत.

त्या रविवारी जेवण झाल्यावर बाबांनी स्वयंपाकघरात जुनी चादर पसरली. आईने भांडी आवरून त्यांना जागा करून दिली आणि मोरीच्या उंबऱ्यावर सुकट निवडत बसली. मी वाटीत स्क्रू धरून बसले. बाबांनी तिसऱ्या पिस्तुलाचा घोडा सोडवला. पहिल्याचा तुटका काढला. मग कितीतरी वेळ ते काही न करता नुसते बसले. मला वाटलं काही हरवलं. आता कळतं की त्यांना भीती वाटत होती. ती अट फक्त कागदावरची असेल तर? ज्यावर आपण मनातल्या मनात एवढं उभारलं ते थापच असेल तर? शेवटी त्यांनी घोडा जागेवर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. बसला. कानस लावावी लागली नाही, काही नाही. चौकोनी खोबणीत चौकोन जाऊन बसला, जसा काही तिथूनच निघाला होता.

"बसला गं," बाबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बसला." मग जबड्यात गारगोटी आवळली, घोडा ओढला आणि चाप दाबला. खट्ट झालं आणि निळसर-पिवळ्या ठिणग्यांचा एक झुपका उडून चादरीवर पडला. आई ओरडली, "पेटवा आता घर!" आणि सुकटीचं सूप घेऊन उभी राहिली. पण तिच्या तोंडावर हसू होतं. बाबांना तसं बघायची तिलाही सवय नव्हती.

त्यानंतर दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला आई पाटावर लाल कापड घालायची आणि घरातलं प्रत्येकाचं शस्त्र त्यावर मांडायची. शस्त्र म्हणजे बाबांची ड्रॉइंगची पेटी आणि स्टीलची पट्टी, माझी वह्या-पुस्तकं, तिची विळी आणि शिवणयंत्राची कात्री. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, पुढे खीर आणि वड्यांचा नैवेद्य. त्या वर्षी बाबा सकाळी कारखान्यात यंत्रांच्या पूजेला गेले असताना आईने ट्रंक ओढली आणि तिन्ही पिस्तुलं बाहेर काढली. मी विचारलं तर म्हणाली, "गावाक ठासणीच्या बंदुकीक फूल घालतंव, मग ह्येंका कित्याक नको?" तिने ती कोरड्या फडक्याने पुसली, मुठींवर हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि प्रत्येकावर एकेक फूल ठेवलं. बाबा आले, चप्पल काढता काढता त्यांचं लक्ष गेलं आणि ते दारातच थबकले. जुन्या वस्तूच्या लाकडाला काही लावायचं नसतं, पुसायचंही नसतं, हे ते मला शंभरदा सांगत. आईला मात्र एक शब्द बोलले नाहीत. हात-पाय धुवून आले आणि पाटासमोर बसून नमस्कार केला. इतकी वर्षं "मेलेल्या सायबाची" म्हणून ट्रंकेत लोटलेली वस्तू त्या दिवशी घरची झाली होती.

संध्याकाळी कॉलनीतली माणसं सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात द्यायची, खिरीची वाटी संपवायची, पुढच्या घरी जायचं. प्रत्येकाची नजर पाटावर गेली. मुलांनी हात लावून पाहिला. कोणी म्हणालं, "झकास आहेत हो परब, चालतात का?" आणि बाबा आनंदाने समजावून सांगत राहिले. त्या वर्षांत उपनगरांमध्ये गोळीबाराच्या बातम्या सारख्या येत. आमच्याच भागात एका माणसाला भर बाजारात मारल्याला फार दिवस झाले नव्हते. पंतनगरात परबांकडे तीन पिस्तुलं आहेत आणि त्यांनी ती पुजायला मांडली होती, हे वाक्य दिवाळीपर्यंत कुठे कुठे फिरलं कोण जाणे. एका सकाळी ओळखीचा हवालदार दारात उभा राहिला आणि संकोचून म्हणाला, "परबसाहेब, साहेबांनी बोलावलंय. सामान घेऊन या."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. कापडी पिशवीत पिस्तुलं आणि काखेत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. मी अकरावीत होते. ग्रंथालयात कायद्याचं पुस्तक वाचून आले होते म्हणून मलाही नेलं. हंसराजभाई दुकान नोकरावर टाकून आले. ठाण्यातले साहेब दमलेले पण चांगले होते. त्यांनी पिस्तुलं टेबलावर ठेवायला सांगितली आणि हसले. "ही? मला वाटलं काय आणताय." समोरच्या खुर्चीत एका स्थानिक साप्ताहिकाचा माणूस चहा पीत बसला होता, तोही हसला. वातावरण सैल झालं.

"जुन्या वस्तूंना सूट आहे," साहेब म्हणाले, "पण कधी? बंद पडलेल्या असतील तर. दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा. ही बंदच आहेत ना, परब?"

हवालदार बाबांच्या मागून म्हणाला, "बंदच आहेत, साहेब. मोडकी आहेत."

"मोडकी," हंसराजभाईंनी लगेच री ओढली. "एकदम भंगार. मीच दिलेला ना."

तिघांनी मिळून दार उघडून धरलं होतं. बाबांनी फक्त मान हलवायची होती. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू दुखावल्याचा भाव आला, कोणी त्यांच्या ड्रॉइंगमध्ये चूक दाखवल्यासारखा.

"मोडकं नाही हो, साहेब," ते म्हणाले. "हे बघा." त्यांनी घोडा ओढला आणि चाप दाबला. खट्ट. ठिणग्या टेबलाच्या काचेवर उडाल्या. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं ऐकायला इतकी माणसं समोर बसली होती म्हणून असेल, ते बोलतच राहिले. गुंडाळी उलगडून त्यांनी आकृत्या दाखवल्या. या पिस्तुलाचा घोडा त्या पिस्तुलाचा आहे, कुठलाही भाग कुठेही बसतो, स्प्रिंग गेली तर दुसरीची घाला, हीच तर गंमत आहे.

साप्ताहिकाच्या माणसाने कप खाली ठेवला. साहेबांनी कपाळ चोळलं. "परब," ते म्हणाले, "एवढं कशाला दाखवलंत?"

हंसराजभाई हळूच मला म्हणाले, "वाट लागली, बेटा."

मी कलम म्हणून दाखवलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की तेच कलम तर आड येतंय. मी विचारलं, घोडा काढून इथे जमा केला तर? मग तर ती चालणार नाहीत. साहेबांनी बाबांच्या आकृतीवर बोट ठेवलं. "आत्ताच तुमचे वडील म्हणाले ना, दुसरा बसतो म्हणून?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी दोनच रस्ते सांगितले. एक, वेल्डिंगवाल्याकडे जाऊन नळ्या आडव्या भोसकायच्या, ठिणगीचं छिद्र बुजवायचं, घोडा पट्टीला कायमचा जोडून टाकायचा. पंचनामा झाला की पिस्तुलं घरी न्या, बसा बघत. दुसरा, आहेत तशी ठाण्यात जमा करायची आणि मुदतीत परवाना काढायचा. परवाना नाही मिळाला तर मुदतीनंतर ती सरकारची.

परवान्याच्या कचेरीतही मी बाबांबरोबर गेले. खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं, "जिवाला धोका आहे का?"

"नाही."

"शेती?"

"गावाला आहे थोडी."

"डुकरं येतात?"

"येतात. पण हे डुकरांसाठी नाही."

"मग कशासाठी, काका?"

बाबांनी विचार केला. "बघायला," ते म्हणाले.

खिडकीतल्या माणसाने त्यांच्याकडे खरोखरच दयेने पाहिलं. "असं कारण नाही हो आमच्याकडे." एका वस्तुसंग्रहालयातही जाऊन आलो. तिथल्या बाईंनी चहा दिला, आकृत्यांचं कौतुक केलं आणि सांगितलं की अमेरिकन वस्तू आम्ही घेत नाही, शिवाय ही कुठून कशी आली याचे कागद लागतील. झांझिबारचे कागद हंसराजभाई कुठून आणणार?

घरी यावर आई एकदाच बोलली, बाबांचं ताट वाढताना. "वेल्डिंग करा. मोडली तर मोडली, घरात तरी रवतली." आणि मग, भात वाढायचा थांबवून, "मी बाहेर काढूक नको होती." बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझा काय संबंध? तू फूल घातलंस." पण आईला ते पटलं नाही. पुढे कधीही पटलं नाही.

बाबा वेल्डिंगवाल्याकडे गेलेही. लालबहादूर शास्त्री मार्गावर एका गाळ्यात, मला घेऊन. त्यांनी घरून एक आकृती काढून आणली होती, नळीला भोक कुठे पाडायचं, किती रुंद, बाण आणि आकड्यांसकट. नष्ट करायचं तरी ते नीट व्हावं, लाकूड जळू नये, अक्षरं जाऊ नयेत. वेल्डिंगवाल्याने चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला आणि म्हणाला, "हो जाएगा, अंकल. इधर ही बैठो." बाबांनी पहिलं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. त्याने ते शिकंज्यात धरलं, दांडा फिरवला, लाकूड किंचित करकरलं. तेवढ्या आवाजाने बाबा पुढे झाले आणि दांडा उलटा फिरवून पिस्तूल सोडवून घेतलं. कागद तिथेच राहिला. परत येताना ते वाटेत फक्त इतकं म्हणाले, "न मोडता लांब राहिलेली बरी."

तिन्ही ठाण्यात जमा झाली. जप्त वस्तूंच्या खोलीत, चोरीच्या सायकली आणि गावठी दारूच्या कॅनच्या मधल्या एका कपाटात. हवालदार भला माणूस होता. त्याने साहेबांना विचारून एक सवलत मिळवली. बाबांनी रविवारी यावं, त्याच्या समोर पिस्तुलांना तेल लावावं आणि जावं. मग बाबांचे रविवार बदलले. शिवणयंत्राच्या तेलाची छोटी कुपी, मऊ फडकं, आणि निघायचं. पुष्कळदा मी सोबत असायची. ठाण्याच्या मागच्या बाकावर बसून ते एकेक पिस्तूल मांडीवर घेत. दमट हवेत नळीवर आलेला गंजाचा लालसर थर बोटाच्या पेराने काढत, तेल लावत, पुन्हा गुंडाळत. हवालदार पेपर वाचत बसे. कधी विचारे, "परब, याने खरंच माणूस मरायचा का हो?" बाबा म्हणत, "ठिणगी पडली तर. पावसात पडायची नाही." आम्ही परतलो की आई आधी तेलाचे हात धुवायला लावायची, मग सोलकढीची वाटी पुढे ठेवून विचारायची, "बरी आसत मां?" आणि बाबा सांगायचे, बरी आहेत.

मुदत कधी संपली ते आम्हाला कळलं नाही. साहेब बदलले, मग हवालदाराची बदली गोवंडीला झाली. एका रविवारी गेलो तर कपाटाच्या जागी नव्या फाइलींची रॅक होती. टेबलावरच्या तरुण पोलिसाने नोंद शोधली, चांगलं मन लावून शोधली, आणि म्हणाला, "ती गेली, काका. वर पाठवली. बेवारस हत्यारांबरोबर."

"वर म्हणजे?"

"वितळवतात ना तिकडे."

बाबांनी विचारलं, "तिन्ही?" तो म्हणाला तिन्ही. बाबा "बरं" म्हणाले आणि त्याचे आभार मानले. कुपी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी खिशात घातली. बाहेर येऊन आम्ही घराच्या दिशेने निघालो आणि कोपऱ्यावर ते थांबले. थोडा वेळ उभे राहून उलट दिशेला, हंसराजभाईंच्या दुकानाकडे वळले. हंसराजभाईंनी आमच्याकडे पाहिलं. स्टूल पुढे केलं. बाबा बसले. बऱ्याच वेळाने उठून त्यांनी कुपी काढली आणि दुकानाच्या शटरच्या कुलपांना तेल घातलं, मग वजनकाट्याला. हातांना वास लागला की नाही ते नाकाशी नेऊन पाहिलं. मला म्हणाले, "घरी काही बोलू नको. तिचं मन तिला खात राहील."

घरी आईने विचारलं, "बरी आसत मां?"

"बरी आहेत," बाबा म्हणाले आणि सोलकढी प्यायले.

त्यानंतर बाबा गेले तोपर्यंत रविवार चुकला नाही. कुपी, फडकं, हंसराजभाईंचं दुकान. त्या दुकानाची कुलपं कधी गंजली नाहीत. हंसराजभाई आधी गेले, तर बाबा त्यांच्या मुलाकडे जात राहिले. तो काही विचारायचा नाही. इकडे मी मोठी झाले, नोकरीला लागले, लग्न होऊन मुलुंडला आले. बाबांच्या तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा आईने ती कुपी आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, "आता तू जा." मी गेले. म्हणजे घाटकोपर स्टेशनपर्यंत गेले, फलाटावर बसले, आणि परत येऊन सांगितलं, बरी आहेत. रविवारी जमेल तसं, मग महिन्याकाठी, मग ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा आठवण झाली की. तिला संशय होता का, हे मला आजही सांगता येत नाही. कित्येकदा वाटायचं, आज सांगून टाकावं. पण बाबांनी जे इतकी वर्षं उचलून धरलं ते मी कुठे खाली ठेवणार?

शेवटच्या आठवड्यात आईचं बोलणं फार कमी झालं होतं. नाकात नळी होती, हातावर सुयांचे काळेनिळे डाग. डॉक्टर येत, कागद बघत, मला बाहेर बोलावून हळू बोलत. करण्यासारखं काही नव्हतं. मी तिच्या पायांशी बसून राहायची. एका दुपारी तिने डोळे उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, "गेलेलंस?"

"हो," मी म्हणाले. "कालच जाऊन आले. तेल लावलं. बरी आहेत तिन्ही."

ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली.

"हात धुतलंस मां?" तिने विचारलं.

मी उठले, कोपऱ्यातल्या बेसिनवर गेले आणि साबण लावून हात धुवून आले.